पाच सूत

चौथा सिलिंडर पोस्टानं आला तेव्हा ग्लेनिस फाटकातच उभी होती. पोस्टाची बाई गाडीतून उतरायच्या आत तिनं तिच्या हातातलं खोकं जवळजवळ ओढूनच घेतलं आणि तिथंच किल्लीच्या टोकानं चिकटपट्टी फाडली. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुठीत मावेल एवढा काळा चकचकीत तुकडा. तिनं तो उन्हात धरून गोल फिरवला, तोंडावरची रबरी टोपी अंगठ्यानं दाबली, नाकाशी नेऊन वाससुद्धा घेतला.

"कलिंगड निवडतेयस का?" मागनं डेस म्हणाला.

"गप रे. हा बरा वाटतोय."

"मागचाही बराच वाटला होता. त्याच्या मागचाही."

डेस तिचा नवरा. सत्त्याहत्तरीचा, काठीसारखा लांब नि वाळका. आयुष्यभर लाकडाच्या गिरणीत करवतीपुढं उभा राहिलेला, आणि डाव्या हाताची दीड बोटं तिथंच ठेवून आलेला. ग्लेनिस त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. टास्मानियातल्या ह्यूऑनच्या खोऱ्यात एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. खोऱ्यातली निम्मी माणसं लहानपणी तिच्या एका हाकेला टरकून जाग्यावर बसलेली. एकतीस वर्षांत बसला एक ओरखडा नाही, आणि ही गोष्ट विचारली नाही तरी ती सांगायची.

भानगड होती ती तिच्या लाडक्या गाडीची. दोन माणसांची, उघडी, इंग्लंडात बनलेली, सदुसष्ट सालची. ग्लेनिसनं ती होबार्टच्या एका दातांच्या डॉक्टराकडून घेतली तेव्हा सफरचंदं भरायच्या शेडमधली तीन हंगामांची कमाई गेली होती. गाडीला नाव ठेवणं, तिच्याशी गप्पा मारणं असली थेरं तिला चालत नसत. गाडी म्हणजे गाडी. ती चालवायची ग्लेनिसनं, डेसनं शेजारी बसून डबा सांभाळायचा. चव्वेचाळीस वर्षं हाच रिवाज.

या गाडीचा क्लच तेलावर चालतो. पायडल दाबलं की वरचा सिलिंडर बारक्या नळीतून तेल खाली ढकलतो, खालचा सिलिंडर एक दांडी पुढं सारतो, आणि दांडी सरकली की क्लच सुटतो. यात बिघडण्यासारखं काय आहे? एक रबराचं वायसर. पण तेच बोटभर रबर आता कुणाला धड बनवता येईना. जुना मूळचा खालचा सिलिंडर पन्नास वर्षं चालला आणि मग झिजला. त्याच्या जागी नवा टाकला, तो पाच महिन्यांत गळला. डेसनं उघडला तर आतलं रबर ओल्या चिंधीसारखं फुगलेलं. मग दुसरा टाकला. तो गळेना, पण गिअर खरखरायला लागले. तिसरा टाकला, वरचा सिलिंडरही बदलला, चार वेळा नळीत अडकलेली एअर काढली. तरी खर्रर्र.

क्लबात याचं कुणालाच नवल नव्हतं. जुन्या गाडीवाल्यांची चार डोकी जमली की आधी चहा आणि मग नव्या सुट्या भागांच्या नावानं शिमगा.

"माझा तर पिशवीतच गळला," मरे सांगायचा. हा क्लबाचा कप्तान, तांबड्या तोंडाचा, पोटावरनं बनियन वर सरकलेला. "पिशवीत! म्हटलं, अरे बाबा, गाडीत तरी बस आणि मग जीव सोड."

"मेल्यांना रबर म्हणजे काय ते माहीत नाही," असं म्हणून सगळ्यांत मोठ्यानं शिव्या घालायची ती ग्लेनिस.

मोठ्यानं घालायची, कारण तिच्या डोक्यात एक किडा वळवळत होता.

ऑक्टोबरात एके सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली आणि परत येताना बघते तर डाव्या पायात सपाता नाही. सपाता दाराच्या पायरीवर. ओल्या गवतातनं पन्नास पावलं चालली, पाय गारठून लाल झालेला, आणि तिला पत्ता नाही. म्हटलं, असेल, म्हातारपणी माणूस विसरतं. नाताळात पुन्हा तेच झालं. जानेवारीत आंघोळीच्या खोलीत. मग तिनं सपाता घालायचंच सोडलं आणि घरात नाडीचे बूट घालून फिरायला लागली. डेसनं विचारलं तर म्हणाली, "फरशी गार असते." डॉक्टरकडं गेली नाही. डॉक्टर विचारणार, गाडी चालवता का?

म्हणून सिलिंडर खराब असायलाच हवा होता. तो खराब नसेल तर मग खराब काय?

रोजची गाडी बिनक्लचची होती, त्यात डाव्या पायाला कामच नाही. त्यामुळं भाजी आणायला, बँकेत जायला सगळं ठीक. पण दोन आठवड्यांवर क्लबाची ब्रूनी बेटाची फेरी आली होती. केटरिंगहून फेरीबोटीत गाड्या चढवायच्या, पलीकडं उतरून बेटाच्या टोकापर्यंत जायचं, कालवं खायची, संध्याकाळी परत. चौदा गाड्यांत पुढची गाडी ग्लेनिसची.

"आधी माझ्या पायानं बघू," डेस म्हणाला. तिसरा सिलिंडर अजून गाडीतच होता. तो बसला, पायडल दाबलं, पहिला गिअर टाकला, रिव्हर्स टाकला, अंगणात एक चक्कर मारली. गिअर लोण्यात सुरी जावी तसे गेले. "माझ्याकडं तर चालतंय गं."

"तुझ्याकडं चालणारच. तू शेडपासून चुलीच्या लाकडांपर्यंत जातोस. तापल्यावर ती रंग दाखवते."

"हं. असेल."

डेस 'असेल' म्हणाला, पण तिच्याकडं न बघता म्हणाला. ते तिला झोंबलं.

तिनं तिसरा सिलिंडर काढायला लावला, आधीचे दोन आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात होते त्यात टाकला, आणि डबा घेऊन रोजच्या गाडीनं एकटीच होबार्टला, मूनाह भागात गेली. तिथं विल्फची शेड. विल्फ शहाऐंशीचा. लेथवर जुन्या सिलिंडरांना आतून स्टीलची नळी बसवून द्यायचा. अख्ख्या टास्मानियातले जुने गाडीवाले त्याच्याकडं यायचे आणि तो मरू नये म्हणून मनातनं प्रार्थना करायचे.

"विल्फ, हे तिन्ही भिकार आहेत. यांच्यातलं एखादं धड करून दे."

"आधी बघू तरी भिकार आहेत का, पोरी."

बहात्तर वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. विल्फनं पहिला सिलिंडर शिकंज्यात धरला, नळी जोडली, दांडा ओढून दाब भरला आणि मीटरच्या काट्याकडं बोट केलं. काटा वर गेला आणि लगेच घसरगुंडीवरनं यावा तसा खाली आला.

"हा भिकार," विल्फ म्हणाला. ग्लेनिसला एवढं बरं वाटलं की तिनं त्याच्या पाठीत थाप मारली.

दुसरा जोडला. काटा वर गेला आणि तिथंच राहिला.

"थांबू जरा," विल्फ म्हणाला. त्यानं किटली लावली, कागदात गुंडाळलेले शिंपल्यांचे दोन मसालेदार पॅटिस ओव्हनमधून काढले, एक तिच्यापुढं सरकवला. तो खाताखाता कुठल्यातरी गेलेल्या माणसाच्या गाडीबद्दल बोलत होता. ग्लेनिसचं लक्ष काट्यावर. ती उठली, काचेवर टिचकी मारली, बसली. पुन्हा उठली.

"तुझा काटा अडकलाय, विल्फ."

"पहिल्याला नव्हता अडकला."

"ठोक की जरा."

त्यानं ठोकला. काटा जागचा हलला नाही. अर्ध्या तासानं दुसरा सोडून तिसरा जोडला. त्याचंही तेच. विल्फनं चिंधीला हात पुसले, एकेक बोट वेगळं वेगळं.

"हे दोन धडधाकट आहेत."

"मग गाडीत का चालत नाहीत?"

"ते मला काय ठाऊक? तू सिलिंडर आणलेस, गाडी नाही आणलीस." मग म्हणाला, "गाडी कोण चालवतं?"

"मी. दुसरं कोण चालवणार?"

"नाही, विचारलं आपलं." त्यानं पॅटिसचा कागद चुरगाळून डब्यात टाकला. "असं कर. खालची दांडी किती सरकते ते पट्टीनं मोज. एकानं पायडलवर बसायचं, एकानं खाली झोपायचं. पाच सूत सरकायला हवी, म्हणजे अर्ध्या इंचाहून जरा जास्त. पाच भरली की क्लच सुटलाच पाहिजे. चारला खरखरणार, तीनला सुटणारच नाही. आणि आळीपाळीनं मोजा. आधी एकजण, मग दुसरा."

"आळीपाळीनं कशाला?"

"मोज तर," विल्फ म्हणाला. पैसे घेतले नाहीत. त्यानं पैसे घेतले असते तर तिला बरं वाटलं असतं.

परतताना व्हिन्सेस सॅडलच्या घाटात गाडी चालवता चालवता ती मोकळा डावा पाय तळाच्या पत्र्यावर आपटत होती. टप. टप. कळतंय की. कळत नाही असं कुठं आहे? थोडं बधिर वाटतं, पण कळतंय. मग पुढच्या वळणावर वाटायचं, खरंच कळलं की आवाज ऐकू आला म्हणून वाटलं?

घरी आल्यावर डेसनं विचारलं, "काय म्हणाला विल्फ?"

"पहिला भिकार म्हणाला."

"आणि बाकीचे?"

"तू हा चौथा टाक."

डेसनं टाकला. दोघांनी मिळून एअर काढली. यातही त्यांचा रिवाज उलटाच होता. क्लबातल्या बाकी घरांत नवरा गाडीखाली आणि बायको पायडलवर. "दाब. धर. सोड. अगं सोड म्हटलं ना!" यावरून किती घरांत रात्रीचं जेवण गप्पगप्प झालं असेल त्याची गणतीच नाही. यांच्याकडं कायम ग्लेनिस खाली आणि डेस वर. त्या दिवशीही ती खाली झोपली, एअर सोडायचं निपल सैल केलं, आवळलं, आणि मग खिशातनं पट्टी काढून दांडीला लावली.

"दाब."

दांडी सरकली. तिनं मोजलं. पाच सूत, वर जरा अर्धं.

"किती?" डेसनं वरनं विचारलं.

"पाच. साडेपाच."

"झकास. आता तू वर ये. मी खाली जातो."

"कशाला? झालं की मोजून."

"तुझ्या पायानंही बघू ना."

"पाय काय वेगळा असतो होय? पायडल ते पायडल." ती गाडीखालनं बाहेर आली, पट्टी खिशात घातली, हात धुवायला गेली. डेस गाडीत तसाच बसून राहिला, स्टिअरिंगवर हात ठेवून. पायडल दाबायचं नसताना त्याला तिथं बसायची सवय नव्हती, म्हणून तो पाहुण्यासारखा दिसत होता.

मग ती एकटीच गाडी घेऊन सायग्नेटच्या रस्त्यानं गेली. पहिले दहा मैल सुरेख. तिला गावंसं वाटलं. मग एका गायीवाल्यासाठी थांबली, पंचवीस-तीस गायी रस्ता ओलांडेपर्यंत क्लच दाबून बसली, आणि निघताना खर्रर्र. गुराख्यानं मान वळवून बघितलं.

घरी येऊन तिनं डेसला सांगितलं, "मस्त चालली. यावेळचा चांगला लागला."

लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली होती. ती त्याच्यावर ओरडली होती, भांडं फेकलं होतं, एकदा तीन दिवस बहिणीकडं जाऊन राहिली होती. पण गाडीच्या बाबतीत ती त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं दोनदा चहा केला आणि दोन्हीदा ओतून दिला.

फेरीचा दिवस उजाडला तो लख्ख. मार्चमधलं ऊन, खाडीवरनं गार वारा. केटरिंगच्या धक्क्यावर ही गर्दी. चौदा गाड्या ओळीत, पुढं ग्लेनिस. चारपाच हात सरकायचं, थांबायचं. पुन्हा सरकायचं. चढावर उभी गाडी, क्लच दाब, ब्रेक दाब, सोड, दाब. चाळीस मिनिटं हेच चाललं होतं.

"बंद करून ठेव की," डेस म्हणाला. "पायाला विसावा."

"माझ्या पायाचं तू नको सांगूस."

डेस डबा मांडीवर घेऊन समोर बघत राहिला.

फेरीबोटीत गाडी चढवणं म्हणजे सुई ओवण्यातला प्रकार. बोटीवरचं माणूस आपल्याकडं तोंड करून उलटं चालत जातं, दोन्ही हातांनी ये, ये, ये करतं, आणि पुढच्या गाडीला हातभर जागा ठेवून तळवे दाखवतं. त्या दिवशी टॅश होती. तिशीतली, दणकट, पिवळं जाकीट. लहानपणी ग्लेनिसच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसायची.

"या मिसेस डिरीन, या! अजून या!"

ग्लेनिस पहिल्या गिअरमध्ये हळूहळू पुढं गेली. टॅशच्या मागं एक टेम्पो, त्याच्या हौद्यात जीभ बाहेर काढून बसलेला कुत्रा. टॅशनं तळवे दाखवले. ग्लेनिसनं क्लच दाबला.

दाबला असं तिला वाटलं.

ब्रेकवर उजवा पाय होताच, पण गाडी थांबेना. इंजिन ढकलतच होतं. ढक, ढक, करत गाडीनं एक उडी घेतली आणि धाडकन बंद पडली. टॅश टेम्पोच्या मागच्या फळीला टेकली होती, हात वर. गाडीचा पुढचा बंपर तिच्या गुडघ्याला लागला होता. दाबला नव्हता, नुसता लागला होता. तिच्या विजारीच्या कापडाला चुणी पडली तेवढीच.

कुत्रा भुंकायला लागला.

"अहो मिसेस डिरीन!" टॅश म्हणाली. आवाज हसरा होता पण तोंडावरचा रंग उडालेला. "बसमध्ये आम्हाला उभंसुद्धा राहू देत नव्हता, आणि आता चिरडताय होय?"

मागच्या गाडीतून मरेचा आवाज आला, "गेला! आणखी एक गेला! मी सांगत नव्हतो? चौथा ना हा? मेल्यांना फासावर दिलं पाहिजे!"

"कसले भाग बनवतात, माणूस मेलं असतं की," कुणी तरी म्हणालं. टॅशही मान हलवून म्हणाली, "माझ्या भावाच्या गाडीचंही हेच आहे. जाऊ द्या, मिसेस डिरीन, तुमचा काय दोष?"

सगळ्या जगानं जणू तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढून दिली. बस म्हणून. नुसतं बसायचं होतं. "हो ना, मेले सिलिंडर," एवढं म्हटलं की झालं. ग्लेनिसनं तोंड उघडलं आणि मिटलं. ती टॅशच्या गुडघ्याकडं बघत होती. टॅश तो चोळत होती, नकळत, बोलता बोलता.

बोट सुटली. डेस उतरला, ग्लेनिसनं इस्त्री करून दिलेल्या विजारीची पर्वा न करता गाडीच्या बाजूला पालथा झाला, हात आत घालून चाचपला, बोटं नाकाशी नेली.

"थेंबही नाही," म्हणाला. फक्त तिला ऐकू जाईल एवढंच.

"पलीकडं तू उतरव गाडी," ग्लेनिस म्हणाली.

"मी?"

"तू. ऐकू येत नाही का?"

पलीकडं डेसनं उतरवली. गाडी मुकाट उतरली, गिअर मुकाट पडले. मरे म्हणाला, "बघा! आता चालतोय! या रबराचं असंच असतं, लहर लागली की चालतं." धक्क्याच्या वर गवत होतं, तिथं सगळे थांबले. मरेनं डिकी उघडून लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला एक सिलिंडर काढला. यांच्यातल्या प्रत्येकाच्या डिकीत असा एक असतोच, बायकोचा फोटो नसेल पण सिलिंडर असेल. "हा जुना माल आहे. अर्ध्या तासात बसवतो. डेस, पाने काढ."

"थांब," ग्लेनिस म्हणाली. "आधी मोजायचं."

"मोजायचं काय त्यात? दिसतंय की."

"मरे, तू तोंड बंद कर जरा. डेस, गाडीची ही बाजू त्या उंचवट्यावर चढव आणि खाली जा. ही घे पट्टी."

पट्टी तिच्या खिशातच होती. दोन आठवडे होती. डेसनं ती घेतली, तिच्याकडं एकदा बघितलं आणि यावेळी नजर चुकवली नाही. मग तो खाली सरकला.

ग्लेनिस आपल्या जागी बसली. भोवती दहाबारा माणसं, हातात थर्मासची झाकणं. तिनं डावा पाय उचलला, तो पायडलवर आहे ना हे वाकून डोळ्यांनी बघितलं, आणि दाबला. होता नव्हता तेवढा जोर लावला.

"दाबलंय," ती म्हणाली.

खालून पट्टी घासल्याचा आवाज आला.

"डेस! किती?"

"साडेतीन."

"पुन्हा. दाबलंय."

"... तीन. तीनच गं."

"तीन म्हणजे सिलिंडर गेलाच!" मरे म्हणाला.

"तू बस," ग्लेनिस उतरत म्हणाली. "बस म्हणते ना. दाब."

मरे पोट सावरत आत शिरला, दाबलं.

"पाच," खालून डेस म्हणाला. "पाचाच्या वर."

"परत दाब."

"पाच."

खाडीवरनं समुद्रपक्षी ओरडत होते, बोट परत निघाली होती. मरे पायडलवर पाय तसाच ठेवून बसला होता, सोडायचं विसरून.

"सिलिंडर ठीक आहे," ग्लेनिस म्हणाली. बसमध्ये मागच्या बाकापर्यंत जायचा तोच आवाज, पण आज तो मध्येच फाटला. "मागचा ठीक होता. त्याच्या मागचाही. विल्फनं मला सांगितलं होतं. माझा पाय गेलाय. मला कळतच नाही तो कुठं आहे ते. आज त्या पोरीचा गुडघा फुटला असता."

मरेनं हळूच पायडल सोडलं. गाडीतनं उतरला, मोज्यातला सिलिंडर एकदा तिच्याकडं, एकदा स्वतःकडं धरून उभा राहिला.

"मग..." तो म्हणाला, "मग हा मी परत ठेवतो."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. ग्लेनिसही हसली असती, पण हसायला गेलं तर दुसरंच काही बाहेर येईल म्हणून तिनं ओठ दाबून धरले. डेस खालून निघाला, पाठीला गवत चिकटलेलं. त्यानं काही समजूत घातली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. विजार झटकली आणि विचारलं, "परत जायचं का घरी?"

"घरी कशाला? कालवं नकोत का खायला? तू चालव."

"मंगळवारी डॉक्टर असतो," डेस म्हणाला.

"माहीत आहे मला डॉक्टर कधी असतो."

ती डाव्या बाजूनं बसली. चव्वेचाळीस वर्षांत या बाजूला ती कधी बसलीच नव्हती. इथून बॉनेट वाकडं दिसत होतं. पाय ठेवायला जागा भरपूर, आणि ठेवून करायचं काय हे कळेना. हातांचं तर त्याहून अवघड. डबा मांडीवर घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मरेची गाडी पुढं गेली, त्यामागं दुसरी, तिसरी. डेसनं सगळ्यांना जाऊ दिलं आणि मग शेवटी निघाला.

डांबर संपून कच्चा रस्ता लागला तशी तेरा गाड्यांची धूळ त्यांच्या तोंडात येऊ लागली. ग्लेनिसच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते धुळीचं होतं असं म्हणायची सोय होती. मनातल्या मनात ती प्रत्येक वळणाला गिअर टाकत होती. आता दुसरा. आता सोड. आणि दर वेळी डेस तेच करत होता, अगदी तिला करायचं असतं तिथंच. हा माणूस शेजारी बसून नुसता डबा सांभाळत नव्हता तर. याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण राग आला. एवढा राग आला की तिनं दाराची कडी घट्ट धरून ठेवली.

दोन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर डेसनं गाडी कडेला घेतली. पुढच्यांची धूळ केव्हाच निवली होती. मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. सरळ, रिकामा रस्ता, मैलभर तरी.

"इथं कुणी नाही," डेस समोर बघत म्हणाला. "थोडं चालवतेस? या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी कुणाला सांगणार नाही."

ग्लेनिसचा हात कडीवर होता. नुसती कडी दाबायची, गाडीला वळसा घालून पलीकडं जायचं. रस्ता खरंच रिकामा होता. तिनं तो नीट बघून घेतला, लांबवर, बस चालवताना फाटे बघायची तसा. एका बाजूला झुडपं होती. झुडपांतून काय बाहेर येईल, कोण सांगणार.

तिनं कडी सोडली.

"नको," ती म्हणाली. "चल पुढं. ते आधी पोचून आपली कालवं खाऊन बसतील."

डेसनं पहिला टाकला, निघाला, दुसरा टाकला. ग्लेनिस जागच्या जागी चुळबुळत होती.

"आणि तिसरा टाकायला एवढा वेळ लावू नकोस," ती म्हणाली. "इंजिन रडतंय, ऐकू येत नाही का तुला?"